पॅनिक, पाणी आणि आमच्या सासूबाई



मागच्या लेखाच्या शेवटी मी पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिते असं कबूल केलं होतं. पीठ आजच्या लेखात येईल, पण जरा उशिरा आणि जरा लाजत. आधी एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. शब्द इंग्रजी, पण कणकेत मीठ मुरावं तसा आपल्या बोलण्यात मुरलाय. पॅनिक. मुलाचा फोन लागला नाही की आपण पॅनिक. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'उद्यापासून तीन दिवस पाणी बंद' असं टाकलं की अख्खी बिल्डिंग पॅनिक. मी स्वतः दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन, 'अगं, पॅनिक होऊ नकोस.' या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती मोडली.

आमची लेक सी.ए. फायनलची तयारी करते. सकाळी आठला डबा घेऊन सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाते, संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी. त्या दिवशी पावणेबाराच्या सुमाराला तिच्या मैत्रिणीचा फोन आला. 'काकू, तिला श्वास घेता येत नाहीये. छातीत दुखतंय म्हणते. हाताची बोटं वाकडी झालीत.' मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला का हे मला आजही आठवत नाही. नंतर कळलं, सासूबाईंनी केला. बिबवेवाडीहून रिक्षा केली. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या हाताला पीठ तसंच होतं आणि मी णमोकार म्हणत होते, पण पाचवं पद झालं की पुन्हा पहिलं कुठून सुरू करायचं तेच सुचेना.

दवाखान्यात तिचा ईसीजी काढला, रक्त घेतलं, ऑक्सिजन पाहिला. सगळं ठीक. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. ती म्हणाली, 'काकू, हार्टला काही नाही. हा पॅनिक अटॅक होता.'

खरं सांगते, आधी जीव भांड्यात पडला आणि मग राग आला. परतताना रिक्षातच मी सुरू झाले. 'एवढंच ना? अभ्यास झाला नसेल म्हणून घाबरलीस. सामायिक करत नाहीस, आठ-आठ दिवस मंदिरात येत नाहीस, मन स्थिर राहणार कसं?' लेक बाहेर बघत राहिली. तिने एक शब्द उलट बोलला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. पंचाहत्तरीच्या आहेत, ऐकायला कमी येतं.

'काय म्हणाले डॉक्टर?'

'काही नाही आई, पॅनिक.'

'पाणीक?'

'पॅनिक, पॅनिक!'

'पाणी? कुठं आलं पाणी?'

आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हात आपोआप छातीशी गेला. लेकीला हसू फुटलं, त्या दिवसातलं पहिलं. मला मात्र हसू आलं नाही, कारण आमच्या सासूबाईंना 'पाणी आलं' म्हटल्यावर काय दिसतं ते लग्नानंतरच्या तीस पावसाळ्यांत मी ऐकलंय.

सासूबाईंचं माहेर शनिवार पेठेतलं, ओंकारेश्वराजवळ, मुठेच्या अगदी काठावर. १२ जुलै १९६१ ला त्या अकरा वर्षांच्या होत्या. तुमच्यातल्या पुण्याबाहेरून आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण तेव्हा अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. पाऊस इतका झाला की बांध खचायला लागला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खाली आला आणि इंग्रजांच्या काळातल्या खडकवासल्याच्या दगडी धरणालाही त्याने भगदाड पाडलं. मग पुण्यात पाणी शिरलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. शनिवार, नारायण, कसबा या पेठांमधले वाडेच्या वाडे बसले. पुढे कित्येक दिवस शहरात नळाला पाणी नव्हतं आणि दिवे नव्हते. पुरात घरं गेलेली माणसं नंतर सहकारनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली, सासूबाईंचे वडीलही त्यांतलेच. आज तिथे रिक्षावाला 'पूरग्रस्त' हा शब्द पत्ता म्हणून वापरतो, ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

दरवर्षी जुलैत सासूबाई हे सांगतात तेव्हा एक गोष्ट हमखास असते. त्या सकाळी कुणी घाबरलं नव्हतं. लोक पूर बघायला नदीवर गेले होते. त्यांचे वडीलही शेजाऱ्यांबरोबर 'बघून येतो' म्हणून गेले आणि धावत परत आले. मग आईने धान्याची कोठी तशीच टाकली, मंदिरातून आणलेलं शास्त्र तेवढं पदरात बांधलं, चार मुलांना हाताला धरलं आणि सगळे भवानी पेठेत मामांकडे. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. 'घाबरायला वेळच कुठं होता?' असं म्हणून सासूबाई गोष्ट संपवतात. आम्हाला वाटायचं, गोष्ट खरंच तिथे संपते.

लेकीच्या त्या दुपारनंतर हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी मराठी माध्यमातली, कोश उघडायची सवय वडिलांनी लावलेली. म्हणून शोधायला लागले, आणि जे सापडलं ते इतकं गमतीचं होतं की एकटीने ठेववेना.

पॅनिक हा शब्द एका देवाच्या नावावरून आलाय. जुन्या ग्रीसमध्ये पॅन नावाचा एक देव मानत. कमरेखाली बकरा, वर माणूस, डोक्याला शिंगं, हातात बोरूच्या नळ्यांची बासरी. तो शहरातल्या मोठ्या देवळांतला देव नव्हे. आर्केडिया नावाच्या डोंगराळ मुलखातला, मेंढपाळांचा. तो भर दुपारी झोपतो, त्या वेळी त्याची झोप मोडायची नाही, असा त्या मेंढपाळांचा समज. कधीकधी सगळं शांत असताना, ना लांडगा ना कुत्रा, कळपातली एक मेंढी दचकते आणि मग सगळा कळप उधळतो. तसंच एकट्या माणसाला रानात उगीचच भीती दाटून येते. ही भीती पॅन पाठवतो, म्हणून ती पॅनिक. ग्रीकमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आणि आता बिबवेवाडीत.

हे वाचलं तेव्हा मला सांगलीकडचं आमचं गाव आठवलं. आजी सांगायची, 'टळटळीत दुपारी बाराला विहिरीवर जायचं नाही, चिंचेखाली थांबायचं नाही.' आपण जैन, भूतखेत मानायचं नाही, हेही तीच सांगायची; पण बारा वाजता विहिरीवर पाठवायची मात्र नाही. समुद्रापलीकडच्या धनगरांना आणि माझ्या आजीला दुपारच्या शांततेत एकाच जातीचं काहीतरी जाणवत होतं. आणि हो, लेकीला झालं तेही दुपारी पावणेबाराला, सगळी अभ्यासिका चिडीचूप असताना. यातून काही सिद्ध होत नाही, उगीच आपलं सांगितलं.

त्या पॅनची आणखी एक कथा हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. इ.स.पूर्व ४९० मध्ये इराणची फौज मॅरेथॉनला उतरली तेव्हा अथेन्सने मदत मागायला स्पार्टाला एक धावपटू पाठवला. वाटेत डोंगरात त्याला पॅन भेटला आणि म्हणाला, मी तुमच्या एवढा उपयोगी पडतो, तुम्ही माझी दखल का घेत नाही? लढाई जिंकल्यावर अथेन्सच्या लोकांनी त्याच्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी जागा केली. पुढे तर लोक म्हणू लागले की शत्रूच्या फौजेत भीती पेरली ती त्यानेच. कथा ती कथा. पण 'तुम्ही माझी दखल का घेत नाही' हे वाक्य मला लागलं, कारण रिक्षातून येताना माझ्या शेजारी बसलेली पोरगी बहुधा तेच म्हणत होती, फक्त तोंडाने नाही.

(जाता जाता: शेजारच्या काकूंच्या एकादशीची वरी असते ना, तिच्या कुळाचं शास्त्रीय नाव 'पॅनिकम'. मी उत्साहाने काकूंना सांगायला निघाले होते की तुमच्या वरीत भीती आहे. मग कळलं, त्या नावाचा पॅनशी काही संबंध नाही, तो लॅटिनमधला भरडधान्याचा शब्द. बरं झालं, थांबले.)

सासूबाईंना मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बकऱ्याचं असेल, तुमच्या इंग्रजीत. आमचं पाण्याचंच आहे.' आणि मैत्रिणींनो, त्यांचं अगदीच चूक नाही. आपण घाबरलो की काय होतं? तोंडचं पाणी पळतं. काळजाचं पाणी पाणी होतं. मराठीत भीतीला शब्द कमी नाहीत. घाबरगुंडी, धसका, गाळण, भंबेरी. पाचावर धारण बसते ती निराळीच. 'धारण' म्हणजे धान्याचा बाजारभाव असा अर्थ जुन्या कोशात आहे, म्हणजे ही भीती महागाईतून आली असावी. पण 'पॅनिक अटॅक'ला यातला एकही नेमका बसत नाही. घाबरगुंडी हसण्यावारी जाते, धशाला कारण लागतं. काहीही झालेलं नसताना शरीर एकदम 'मेले, मेले' म्हणून ओरडतं, त्याला काय म्हणायचं?

आपल्याकडे त्याला पूर्वी एक नाव होतं, आणि ते आठवून मला वाईट वाटतं. माझ्या एका आत्याला फीट यायची. मी तेव्हा सहा-सात वर्षांची, आत्या अठरा-एकोणीसची. मधेच तिचा श्वास लागायचा, हातपाय ताठ व्हायचे, दातखीळ बसायची. घरात धावपळ. कुणीतरी शेजारून कांदा फोडून आणायचं, कारण आमच्या घरात कांदा नसायचाच. तो तिच्या नाकाशी धरायचा तो ओसरीवर, आणि नंतर आजी ओसरी पाण्याने धुऊन काढायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, 'हिस्टेरिया आहे. लग्न करून द्या, बरी होईल.' आम्ही पोरं तो शब्द 'हिस्टोरिया' असा म्हणायचो.

कोश उघडलाच होता म्हणून तोही शब्द पाहिला. हिस्टेरा म्हणजे ग्रीकमध्ये गर्भाशय. स्त्रीचं गर्भाशय शरीरात जागचं हलतं आणि म्हणून तिला झटके येतात, असं तिकडचे जुने वैद्य मानत. उपाय म्हणजे लग्न आणि बाळंतपण. हजारो वर्षांपूर्वीची ती समजूत जहाजातून, पुस्तकांतून फिरत फिरत सांगली जिल्ह्यातल्या एका ओसरीपर्यंत आली आणि माझ्या आत्याचं लग्न ठरवून गेली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची आजारांच्या नावांची एक मोठी पोथी असते. १९८० च्या आवृत्तीत त्यांनी पॅनिकच्या आजाराला स्वतंत्र नाव दिलं, आणि हिस्टेरिया हे नाव तिथूनच मागे पडलं. आत्याचं लग्न त्याच्या आधीच झालेलं. सासरीही तिला फीट यायची, पण तिकडे कुणी मोजत नव्हतं. आत्याला नेमकं काय होतं हे आता कोण सांगणार? ती गेली. आमच्यापैकी कुणी तिला कधी विचारलं नाही की तुला त्या वेळी काय होतं गं.

आत्याचं आठवलं त्या रात्री मी लेकीला पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, 'मम्मी, आपण मरतोय हे नक्की वाटतं. नंतर सगळे सांगतात काही नव्हतं, आणि मग लाज वाटते.'

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी नीट समजावलं. खरा धोका असला की शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, श्वास जलद होतो. इथे धोका नसतानाच ती घंटा वाजते. श्वास फार भरभर घेतल्याने बोटांना मुंग्या येतात, ती ताठ होतात. साधारण दहा मिनिटांत कळस येतो आणि मग उतरतो. यात नाटक नाही आणि कमकुवतपणाही नाही. पुन्हा पुन्हा झालं तर उपचार आहेत, बोलून करायचे आणि औषधांचेही. ज्यांना पहिल्यांदाच असं छातीत दुखतं त्यांनी मात्र घरी बसून 'पॅनिक असेल' ठरवायचं नाही, तपासून घ्यायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही लिहिते.

धर्माचा मुद्दा राहिला होता. रिक्षात मी जे बोलले ते मला टोचत होतं. आमच्या स्वाध्यायाच्या वर्गात एक वयोवृद्ध बाई आहेत, समयसार त्यांनी किती वेळा वाचलाय कोण जाणे. त्यांना मी एकटीला गाठून विचारलं, 'बाई, सामायिक करणाऱ्याला भीती वाटते का?' त्या म्हणाल्या, 'सात भय म्हण बघू.' मी पाठशाळेतल्या मुलीसारखी म्हटले: इहलोकभय, परलोकभय, वेदनाभय, अरक्षाभय, अगुप्तिभय, मरणभय, आकस्मिकभय. 'शेवटचं काय म्हणालीस?' आकस्मिक. म्हणजे अकस्मात, कारण दिसत नसताना येणारं. मी पाठ केलेल्या यादीत तो शब्द चाळीस वर्षं होता आणि मी तो ग्रीसमध्ये शोधत बसले होते.

बाई पुढे म्हणाल्या, या सातांपासून सुटलेला असतो तो सम्यग्दृष्टी. 'तू सुटलीस का? मी नाही सुटले अजून. मग पोरीकडून कसली अपेक्षा करतेस?' आहार, भय, मैथुन, परिग्रह या चार संज्ञा तर संसारातल्या प्रत्येक जीवाला आहेत, मुंगीलाही. भय हे नोकषायात मोजलंय, ते मोहनीय कर्माच्या उदयाने येतं. उदय आला म्हणून कुणी जीवाला रागावतं का? मला उत्तर सुचलं नाही. दरवर्षी पर्युषणात मी पांजरपोळाची पावती फाडते. अभयदान लिहिलेलं असतं तिच्यावर.

आता ते पीठ.

भय आणि परिग्रह या दोन संज्ञा एका यादीत का, हे मला मार्च २०२० मध्येच कळायला हवं होतं. महाराष्ट्रातला पहिला करोना रुग्ण ९ मार्चला आपल्या पुण्यातच सापडला. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि मी पिशव्या घेऊन खाली धावले. तेव्हा 'पॅनिक बाइंग' हा शब्द बातम्यांत रोज होता आणि मला तो इतरांबद्दल वाटत होता. आमच्याकडे पिठाची मर्यादा पाळतात: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. गिरणी बंद होईल या भीतीने मी एकदम वीस किलो गहू दळून आणले. शिवाय पंधरा किलो रवा. तीस वर्षं पाच दिवसांचं पीठ दळणारी मी! एप्रिल संपता संपता डबा उघडला तर पिठाला जाळी धरलेली आणि रव्यात अळ्या वळवळत होत्या.

टाकावं तर कुठं, चाळावं तर कसं, उन्हात ठेवावं तर पाप. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी जुनी साडी पसरली, पीठ सावलीत थोडं थोडं ओतलं आणि मऊ पिसाने एकेक जीव बाजूला करत बसल्या. दोन दिवस. मी शेजारी बसले की म्हणायच्या, 'तू जा, तुझा हात थरथरतोय.' रोज पाच जणींना पुरेल एवढी डाळ घरात असताना मी कशाला धावले होते? प्रायश्चित्त घेतलं, पण तो रवा अजून डोळ्यांसमोर आहे. मेंढी दचकली आणि कळप उधळला, त्या कळपातली मी एक.

लेकीला दुसरा अटॅक आला तो एप्रिलमध्ये, घरीच, रात्री दहाच्या सुमाराला. या वेळी मी रागावले नाही, पण घाबरले मात्र तेवढीच. पंखा लावू का, पाणी देऊ का, डॉक्टरांना फोन करू का, असं मीच खोलीभर फिरत होते. सासूबाई आल्या, पलंगावर बसल्या आणि तिचे तळपाय आपल्या मांडीवर घेतले. 'पाणी आलं का गं?' त्यांनी विचारलं. लेकीने मान हलवली. 'किती आलंय? उंबऱ्याशी का जिन्याशी?' लेक श्वासामधून कसंबसं म्हणाली, 'जिन्याशी.' 'बरं. बसू दे. चढतं तसं उतरतं. मी आहे इथं.'

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी इतक्या जुलैंत आम्ही कधीच ऐकली नव्हती.

पुरानंतर दोन-चार दिवसांनी. पाणी उतरलं होतं. त्या आणि त्यांचा पाच वर्षांचा धाकटा भाऊ वडिलांबरोबर वाड्यातला चिखल उपसायला आले होते. वडील आत, हे दोघं बोळात. एकाएकी नदीकडून कुणीतरी ओरडलं, 'पाणी आलं, पळा!' पाणी वगैरे काही नव्हतं, अफवा होती. पण सगळा रस्ता पळत सुटला. सायकली टाकून, चपला टाकून, पर्वतीकडे. सासूबाईही पळाल्या. भावाचा हात त्यांच्या हातात होता. कुठेतरी तो सुटला.

'सुटला नाही,' त्या म्हणाल्या. 'मी सोडला. त्याच्यानं पळवत नव्हतं.'

पर्वतीच्या पायथ्याला पोचल्यावर त्यांना ते कळलं. दोन तासांनी भाऊ सापडला, कुणा अनोळखी बाईच्या कडेवर, हातात चुरमुरे. तो रडतही नव्हता. घरी सगळ्यांना त्यांनी सांगितलं, गर्दीत हात सुटला. आजपर्यंत तेच सांगत आल्या. 'खरं पाणी आलं तेव्हा मी त्याला घट्ट धरलं होतं बरं का. खोटं पाणी आलं तेव्हा सोडला.'

खोलीत कुणी बोललं नाही. लेक उठून बसली होती. तिचा श्वास कधी सावरला ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

'मामाआजोबांना माहितीये?' तिने विचारलं.

'त्याला चुरमुरे आठवतात फक्त.'

लेकीचे उपचार चालू आहेत, आठवड्यातून एकदा एका बाईंकडे बोलायला जाते. पहिला ग्रुप तिने या खेपेला द्यायचा नाही असं ठरवलं, मीही काही म्हटलं नाही. सामायिकाचं मी विचारत नाही. परवा मात्र संध्याकाळी माझ्या शेजारी चटईवर येऊन बसली आणि अठ्ठेचाळीस मिनिटांतली वीस झाल्यावर उठून गेली.

१२ जुलैला सासूबाईंच्या भावाचा फोन असतोच दरवर्षी. यंदा तो आला तेव्हा लेकीने फोन आजीच्या हातात दिला, माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं. आत आम्ही दोघींनी पीठ चाळलं, पावसाळ्याचं, तीन दिवसांपुरतं. बाहेर सासूबाई मोठ्याने बोलत होत्या, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा, पण आम्ही ऐकलं नाही.